सालोरची चिठ्ठी, सारिकची गाठ

मी, गालिचे सांधणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांची सून, वय ५१ वर्षे, काम घरचे, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार रंगाऱ्यांची गल्ली, सुतळीच्या दुकानावर पहिला मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, देवाला साक्षी ठेवून सांगते की,

आमच्या घरी मी, माझे यजमान आणि सासरे असे तिघे राहतो. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. त्यांचे वय ७८ आहे. यजमान बाजारातल्या जुन्या गालिच्यांच्या दुकानात विक्रीचे काम करतात. त्याला सव्वीस वर्षे झाली.

मामंजींची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली. तरीही दुकानवाले जुना माल त्यांच्याकडे पारखायला पाठवतात. मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांच्या सालोर, सारिक अशा बऱ्याच टोळ्या होत्या, त्यात सालोरच्या मालाला भाव जास्त, आणि वस्तू कोणत्या टोळीच्या बायकांनी विणली ते मामंजी हाताने सांगतात. पद्धत अशी की, मामंजी वस्तू उलटी करून पाठीवर नख फिरवतात. मी भिंगातून बघून सुईने गाठी मोजते. ते सांगतील ते मी चिठ्ठीवर लिहिते. चिठ्ठीला भोक पाडून मामंजी त्यात दोन धागे ओवतात आणि त्यावर लोकरीची एक गाठ बांधतात. वस्तूत जी गाठ असेल तीच चिठ्ठीवर. ती त्यांची सही आहे. चिठ्ठ्या मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या कापते. वस्तू आली की वहीत तारीख, वेळ आणि कोणी काय सांगितले ते लिहून ठेवते. वही सोबत आणली आहे.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता यजमानांनी दुकानातून एक दुहेरी पिशवी आणली. घोड्याच्या खोगिरावर टाकतात तशी, दोन्ही बाजूंना एकेक कप्पा. रंग गडद लाल. यजमान म्हणाले, "बाबा, सालोर आहे ना? नक्षी बघा, साफ सालोरची." मामंजी म्हणाले, "बघायला डोळे कुठायत मला? तूच बघ आणि तूच सांग." मी हसले. यजमान हसले नाहीत.

मामंजींनी पाऊण तास हात फिरवला. मग म्हणाले, "सूनबाई, लिही. नक्षी सालोरची, पण विणणारी सारिक टोळीची. सालोरची गाठ एकाच धाग्याला मिठी मारते, दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. इथे दोन्ही धाग्यांना सारखी मिठी आहे. आणि पांढऱ्या ठिपक्यात लोकर नाही, सूत आहे, बोटाला गार लागतं. कपडे उसने आणता येतात, पोरी, हात उसने आणता येत नाहीत." मी भिंगातून पाहिले. गाठी तशाच होत्या. चिठ्ठीवर "सारिक" लिहिले. मामंजींनी गाठ बांधली. वहीत नोंद आहे.

पाच तारखेला, गुरुवारी, दुपारी एक वाजता यजमान घरी आले. मामंजी जेवून झोपले होते. यजमान म्हणाले, "तू सकाळी देवदर्शनाला गेलीस तेव्हा बाबांनी पिशवीवर पुन्हा हात फिरवला. त्यांचं मत बदललं. सालोर म्हणाले. नवी चिठ्ठी लिहून दे." मी म्हणाले, "मामंजी असं कधी बदलत नाहीत." तेव्हा ते म्हणाले, "एकदा तरी माझा शब्द खरा ठरू दे की या घरात." मला ती चेष्टा वाटली. झोपलेल्या माणसाला उठवू नये म्हणून मी मामंजींना विचारले नाही. नंतर विचारायचे राहून गेले. ही माझी चूक आहे. मी नवी चिठ्ठी लिहिली, भोक पाडले आणि यजमानांच्या हातात दिली. वहीत "यजमानांच्या सांगण्यावरून" असे लिहिले आहे. ते कोणावर संशय घेऊन लिहिलेले नाही. ज्याने सांगितले त्याचे नाव मी नेहमीच लिहिते.

जुनी चिठ्ठी संध्याकाळी यजमानांनी मला परत दिली आणि फाडून टाक म्हणाले. कागद जाड होता म्हणून फाडला नाही. नीट न बघताच त्यावर रफूची लाल लोकर गुंडाळून ठेवली.

आज सकाळी नऊ वाजता शिपाई घरी आले आणि मामंजींना घेऊन गेले. पिशवी विकत घेणाऱ्या बाईंनी ती संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवली, त्यांनी सारिक सांगितले, आणि खोट्या चिठ्ठीवर फसवले म्हणून मामंजींविरुद्ध तक्रार झाली, असे समजले. मी आणि यजमान मागून निघालो. मामंजींचा भिंगाचा डबा आणि लोकरीची टोपली मी बरोबर घेतली. रस्त्यात यजमान म्हणाले, "बाबांचं वय झालं, चुकले, एवढंच सांग. म्हाताऱ्या माणसाला कोण आत टाकतंय? तू जास्त बोलू नकोस." मी हो म्हणाले.

ठाण्यातल्या साहेबांनी यजमानांना बाहेर बसायला सांगितले आणि पिशवीबरोबरची चिठ्ठी समोर ठेवली. अक्षर माझेच आहे. चिठ्ठीवर "सालोर" लिहिले आहे.

साहेबांनी ती मामंजींच्या हातात दिली. मामंजींनी गाठ चाचपली आणि म्हणाले, "गाठ माझी. पण ही सारिकची आहे. सालोरच्या चिठ्ठीवर मी ही बांधणार नाही, बोटं झडली तरी." साहेब म्हणाले, "आजोबा, आठवतंय का नीट?" मामंजी म्हणाले, "आठवायचं काय त्यात? बोटाखाली आहे."

मी भिंगातून पाहिले. दोन्ही धाग्यांना सारखी मिठी होती. गुरुवारी यजमानांनी मामंजींना नवी गाठ बांधायला सांगितली असेल असे मी धरून चालले होते. साहेबांनी विचारल्यावर मामंजी म्हणाले, "नाही. गुरुवारी माझ्या हातात पिशवीही आली नाही आणि चिठ्ठीही."

शिपायाने पाणी दिले.

नंतर मी टोपलीतून लाल लोकर काढली आणि साहेबांच्या समोर उलगडली. बराच वेळ लागला. लोकर संपली तेव्हा आत तीन तारखेची चिठ्ठी निघाली. अक्षर माझे. शब्द "सारिक". वर भोक आहे, त्यात धागे नाहीत, गाठ नाही. मामंजींनी विचारले, "सूनबाई, भोक रिकामं आहे का?" मी हो म्हणाले.

यजमानांनी जुन्या चिठ्ठीची गाठ काढून नवीला लावली असे माझे म्हणणे आहे. लावताना मी पाहिलेले नाही. सव्वीस वर्षे गालिचे विकले तरी त्यांना कोणती गाठ कोणाची ते ओळखता येत नाही. मामंजींनी शिकवायला बसवले की ते उठून जायचे. ओळखता आली असती तर त्यांनी ती गाठ लावली नसती.

त्यांनी असे का केले ते मला माहीत नाही. गिऱ्हाइकाला त्यांनी सालोर म्हणून आधीच शब्द दिला होता, हे आज येथे साहेबांकडून कळले. मामंजींची यात काही चूक नाही. माझी आहे ती वर सांगितली आहे.

मामंजींनी नंतर एकदाच विचारले, "त्याने सकाळपासून काही खाल्लंय का?" मी नाही म्हणाले.

जबाबातला यजमानांविषयीचा भाग ठेवायचा का, असे साहेबांनी मला दोनदा विचारले. ठेवावा असे मी दोन्ही वेळा सांगितले. वही, दोन्ही चिठ्ठ्या आणि लोकर जमा केली आहे.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार उघडे होते आणि यजमान बाहेरच्या बाकावर बसलेले होते. मी सांगितले तेच यात लिहिले आहे आणि ते खरे आहे.