विचारलं असतं तर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपले आदरणीय प्राचार्य, विद्यापीठातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मॅडम, आम्हाला मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवणारे दोन्ही सर, माझे वर्गमित्र, त्यांच्या घरची मंडळी आणि खुर्च्या न पुरल्यामुळे दाराशी ताटकळत उभे असलेले तुम्ही सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा खाली घेते. माझ्या आधी बोलले ते सद्गृहस्थ चांगले उंच होते.

पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून आमच्या वर्गाबद्दल दोन शब्द सांगते. ज्यांचं शिक्षण कुठेतरी मध्येच सुटलं, त्यांना मोठ्या वयात विद्यापीठासाठी तयार करणारा हा वर्षभराचा वर्ग आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि माध्यमं असे आमचे विषय. आमच्यात एक नर्स आहे, एक बसचालक आहे, दोन मुलं शाळेत सोडून धावत येणारी एक आई आहे. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते. 'आता नीट दिसतंय का?' असं लोकांना विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि एक दिवस वाटलं, आपल्यालाही काही दिसायला नको का?

पहिल्या दिवशी मी पर्स पोटाशी धरून शेवटच्या बाकावर बसले होते. निबंध लिहून कितीतरी वर्षं झाली होती. मॅडम आल्या, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "इथे कोणी तुम्हाला लहान समजणार नाही. जगून आलेली माणसं आहात तुम्ही. ते जगणं मांडायचं कसं, एवढंच मी शिकवणार."

खरं सांगते, त्या वाक्यावर मी घरी दोन दिवस तरंगत होते. माझे पती म्हणाले, "चहात साखर घालायची राहिली." मी म्हटलं, "असू दे, जगून आलेली माणसं आहोत आपण."

मॅडमच्या शिकवण्याबद्दल आज जे जे बोललं गेलं, त्यातला शब्दही खोटा नाही. माझा पहिला निबंध त्यांनी परत दिला तेव्हा 'मला वाटतं' या शब्दांखाली रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'कशावरून?' या एका प्रश्नाने आमच्या नर्सबाईंचं सासरच्यांशी भांडण झालं, इतका तो आमच्या अंगवळणी पडला. माध्यमं हा त्यांचा विषय, रेडिओसाठी त्या कार्यक्रमही करतात; वर्तमानपत्र कसं वाचायचं तेही त्यांनीच शिकवलं. त्या म्हणायच्या, कुठलीही बातमी हातात आली की आधी पाहा, ही गोष्ट कोणाची आहे, सांगतंय कोण, आणि ज्याची आहे त्या माणसाला कोणी विचारलं का. बसचालक भाऊ त्यानंतर प्रवाशांच्या गप्पासुद्धा अशाच ऐकायला लागले. एकदा त्यांचा थांबा चुकला.

तर अशा आमच्या मॅडम. आणि म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातंय.

दुसऱ्या सत्रात आम्हाला मुलाखत घेण्याचा सराव होता. जोड्या करायच्या, एकाने विचारायचं, दुसऱ्याने स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची. वर्गासमोर ऐकायचं, चर्चा करायची आणि ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं. मॅडमनी हे दोनदा सांगितलं होतं, कारण नर्सबाईंनी दोनदा विचारलं होतं. "या खोलीतलं या खोलीतच राहील," हे त्यांचे शब्द.

माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट होती, पण ती माझ्या एकटीची नव्हती. ती माझ्या मोठ्या भावाची, दादाची होती. मी त्याच्याकडे गेले. तो बेकरीत काम करतो. दुपारी घरी झोपून उठला होता, दारात बसून बुटांची नाडी ओवत होता. मी म्हटलं, "दादा, वर्गात तुझ्याबद्दल सांगितलं तर चालेल?"

"कशाला?"

"अभ्यास आहे. मुलाखत कशी घ्यायची, त्याचा."

"वर्गातच ना?"

"वर्गातच. नंतर पुसून टाकणार आहेत."

त्याने नाडी ओढून गाठ मारली. मग म्हणाला, "सांग धाकटे. तुझ्या अभ्यासाला उपयोग झाला तर माझं तेवढं तरी वाया गेलं नाही."

मी सांगितलं. बसचालक भाऊंनी डोळे पुसले. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि खांद्यावर हात ठेवला. तो हात मला फार आधाराचा वाटला होता.

उन्हाळा आला, परीक्षा जवळ आल्या. एका सकाळी दादाच्या बेकरीत नेहमीप्रमाणे रेडिओ लावला होता. कणीक मळताना सगळे काहीतरी ऐकत असतात. एक नवा कार्यक्रम लागला, मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांविषयी. त्यात एक बाई आपल्या भावाबद्दल बोलत होती. नाव नव्हतं. आवाज बदललेला होता, जाडाभरडा, यंत्रातून काढलेला. पण रुग्णालयातली ती खोली होती, तिथे तो आईला जे म्हणाला ते शब्द होते, घरी आल्यावर कित्येक महिने तो काय करायचा तेही होतं. आणि शेवटी होतं, 'आज तो पहाटे उठून लोकांसाठी पाव भाजतो.'

आपल्या गावात बेकऱ्या किती आहेत हो?

दादा मला नंतर म्हणाला, "मला पहिल्या वाक्यालाच कळलं. बाकीच्यांना पावाशी आल्यावर कळलं. मग कोणी कोणाकडे बघेना." दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला भट्टीवरून काढलं आणि पुढे पाव पाकिटात भरायला बसवलं. म्हणाला, "काळजीपोटी हो. भट्टी म्हणजे आग." इतकी वर्षं त्या आगीशी माझा भाऊच उभा होता.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू विचारलं होतंस, मी हो म्हटलं होतं. तुझं काही चुकलं नाही." आणि उठून आत गेला. वहिनी पाणी घेऊन आली. मी ते पाणी प्यायले आणि परत आले.

मॅडम, आपण स्टाफरूममध्ये बोललो होतो. ते मी इथे सांगते आहे, कारण ते संभाषण माझंसुद्धा आहे.

तुम्ही कपात चमचा फिरवत होतात. मी विचारलं, "ते पुसलं होतं ना?"

तुम्ही म्हणालात, "बसा आधी. तुम्ही चिडला आहात, ते मला समजतं. पण नाव घेतलं का कुठे? आवाजसुद्धा बदलला. किती घरांतून पत्रं आली माहीत आहे? लोक म्हणतात, आम्हाला पहिल्यांदा बोलायचं धैर्य आलं. तुमच्या एका गोष्टीने एवढं झालं."

"पण मॅडम, विचारायचं होतं."

तेव्हा तुम्ही चमचा बाजूला ठेवलात आणि एखादा सोपा मुद्दा समजावून सांगावा तशा शांतपणे म्हणालात, "विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

मी खूप विचार केला या वाक्यावर. माझ्याशी कोणी खोटं बोललं असतं, विसरले म्हणालं असतं, तर मी कदाचित रडून मोकळी झाले असते. पण तुम्हाला माझं उत्तर माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत. ज्या खोलीत मला पहिल्यांदा कोणीतरी मोठं माणूस म्हणून वागवलं, त्याच खोलीत माझं 'नाही' आधीच काढून घेतलं गेलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. तो खांद्यावरचा हात मला तेव्हापासून आठवू नये असं वाटतं, आणि तोच आठवतो.

त्यानंतर मी वर्गात येणं बंद केलं. पुस्तकं कपाटाच्या वर टाकली. दुकानात गिऱ्हाइकांशीही तोडून बोलायला लागले. एक दिवस आमच्या नर्सबाई चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून आल्या. काडी चांगली घट्ट होती. म्हणाल्या, "मानसशास्त्र काय तिच्या मालकीचं आहे? समाजशास्त्र तिने विकत घेतलंय? ती तिच्या वाटेने जाईल, तू का घरी बसतेस?" मॅडम, क्षमा करा, त्या तुम्हाला एकेरीत बोलल्या. दुकानात आम्ही दोघीच होतो.

मी परत आले. परीक्षा दिली. मला विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. वर्षाच्या सुरुवातीला मी माध्यमं घ्यायची ठरवली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. आता मी मानसशास्त्राला जाणार आहे. त्याच विद्यापीठातल्या ज्या माध्यम विभागाच्या प्रमुख म्हणून मॅडम जात आहेत, त्या विभागात मी नसेन. त्या कार्यक्रमाला पुरस्कार मिळाला, त्याचा या नेमणुकीत वाटा आहे असं पाहुण्यांनीच मघाशी अभिमानाने सांगितलं. त्याबद्दल मी टाळी वाजवली नाही, हे पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलं असेल.

आज मी बोलावं असा आग्रह मॅडमनीच धरला. "तुमच्याइतकं मनापासून कोणी बोलत नाही," म्हणाल्या. मी येणार नव्हते. दादाला विचारायला गेले. या वेळी नीट विचारलं. "किती सांगू?"

तो म्हणाला, "भाऊ आहे म्हण, बेकरीत आहे म्हण, ते सगळ्यांना कळलंच आहे. आजारी होतो आणि बरा झालो, एवढं सांग. मधलं नको. मधलं माझं आहे."

म्हणून मी मधलं सांगितलेलं नाही.

पण अध्यक्ष महोदय, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणानंतर 'पुरस्कारप्राप्त कार्यक्रमातील निवडक अंश' असं छापलं आहे. तो अंश कुठला, हे मी दुपारी ध्वनियंत्रणा लावणाऱ्यांना विचारलं. तो मधलाच आहे. मी आपल्या कार्यालयात येऊन विनंती केली होती. आपण म्हणालात, आता पत्रिका छापून झाली आहे. मला आपली अडचण कळते. माझी एवढीच अडचण आहे की माझा भाऊ आज या सभागृहात आहे. कुठे बसलाय ते मी सांगणार नाही, आणि कृपा करून कोणी मागे वळून पाहू नये. तो माझं भाषण ऐकायला आला आहे. स्वतःचं मधलं ऐकायला आलेला नाही.

मी खाली बसण्याआधी मला आपलं उत्तर हवं आहे. मी थांबते.

...

आभारी आहे, अध्यक्ष महोदय. मान हलवलीत तेवढं पुरे. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांनीही पाहिलं, त्यांचेही आभार.

मॅडम, तुम्ही खाली पाहता आहात. मी तुम्हाला शाप द्यायला उभी नाही. 'कशावरून' हा प्रश्न मी तुमच्याकडूनच शिकले, आणि तो मी जन्मभर विचारणार आहे. नव्या ठिकाणी तुमच्यासमोर नवी माणसं बसतील. पर्स पोटाशी धरून बसतील. त्यांच्याकडे गोष्टी असतील आणि तुमच्यावर विश्वास टाकायला ती फार वेळ घेणार नाहीत, कारण तुम्ही खिडक्या फार छान उघडता. त्यांना विचारा. ती नाही म्हणतील तर तो कार्यक्रम होऊ देऊ नका. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा, त्या मी मनापासून देऊ शकेन तेव्हा देईन. आज वर्गाच्या वतीने देते.

आमच्या दोन्ही सरांचे, कार्यालयातल्या मंडळींचे, माझ्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्या वर्गमित्रांचे आणि बिनसाखरेचा चहा मुकाट्याने पिणाऱ्या माझ्या यजमानांचे आभार मानते. निरोपाच्या दिवशी बोलू नये असं काही माझ्या तोंडून गेलं असेल, तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं. आणि काही सांगायचं राहून गेलं असं कोणाला वाटलं, तर त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. ते मी कोणाला तरी विचारून ठेवलेलं आहे.

नमस्कार.