सिदूचं चांगभलं

मंद्रूपच्या मोटारीची वाट पाहत केराबाई कालच्या कीर्तनातलं पद गुणगुणत होती. शेजारी हुतूतूचे दोन गडी मातीनं माखलेल्या अंगानं येऊन उभे राहिले.

"सिदू, गिरणीच्या संघाकडनं खेळलास, गिरणी आमच्याकडनं हरली, आन् तूच गावच्या देवाचं 'बिरोबाचं चांगभलं' म्हणून नाचलास?"

"आपल्या मंद्रूपचा गडी निसटला, आप्पा. तोंडातनं गेलं की."

"मग?"

"गिरणीवाल्यांनी फितूर म्हणून हाकललं. आता गावाकडं येतो तुमच्यासंगं."

"नगं. तू मोटारीत बसलास तर आमची पोरं उतरतील."

"तुमच्यासाठीच वरडलो की रं!"

"ठावं हाय त्यास्नी. म्हणत्यात, गावचा असता तर आमच्या तंगड्या धरल्या असत्या का?"

केराबाई गुणगुणायची थांबली. तिनं सरकून सिदूला जागा केली. तेवढ्यात मोटार आली. मंद्रूपची पोरं चढली; सिदू दारात आप्पाला आडवा आला.

"आप्पा, तू तरी सांग की त्यास्नी."

"वाट सोड, सिदू. पोरं बघत्यात."