सरळ नको, वाकडाच

डॉक्टर: दात हलतोय, मावशी. हा एक्स-रे बघा. मुळालाच चीर गेलीय. काढण्याशिवाय इलाज नाही.

ताई: मागचे चार काढा, हूं की चूं करणार नाही. समोरचा नको.

चिमणी: अहो डॉक्टर, आमची ताई ट्रंपेट वाजवते, शहराच्या बँडमध्ये. परवा तालमीच्या हॉलच्या जिन्यावर तोंडघशी पडली, पण हात वर! ट्रंपेटला ओरखडा नाही आणि तोंडाची ही दशा.

ताई: ट्रंपेट बँडचा आहे.

डॉक्टर: पण वाजवतात ओठांनी ना? दाताचा काय संबंध?

ताई: थांबा, माउथपीस पर्समध्येच आहे. ही कड अशी टेकते. थरथरतात ते ओठच, पण त्यांना मागे टेकू लागतो.

डॉक्टर: अच्छा! पुन्हा टेकवा बरं. मधोमध नाही हो, डावीकडे सरकतंय.

ताई: हा दात वाकडा ना. कड त्याच्या कोपऱ्यात बसते. अडतीस वर्षं तिथेच बसलीय.

डॉक्टर: मग बरंच झालं. नवा छान सरळ बसवून देते.

ताई: सरळ नको. आहे तस्सा वाकडा.

चिमणी: घ्या! याच दातापायी आई रडायची. सरळ करून घे गं, स्थळं येऊन बघून जातात. ही ढिम्म. उलट पाहुण्यांसमोर मुद्दाम दात काढून हसायची.

ताई: तेव्हा नुकतंच बँडमध्ये घेतलं होतं. त्याआधी एकही बाई नव्हती तिथे. जुने मास्तर म्हणाले, बाईचा दम तो केवढा, महिनाभर बघू. वरचा सूर त्या कोपऱ्यातूनच लागत होता. तो कसा घालवू?

चिमणी: झाला ना तो महिना अडतीस वर्षांचा? आता पुरे कर.

ताई: बारा दिवसांनी कार्यक्रम आहे, डॉक्टर. पहिला ट्रंपेट मी वाजवते. मी उभी राहिले नाही, तर तो मान आताच्या मास्तरांच्या भाच्याकडे जाईल. एकदा गेला की परत मिळत नाही.

चिमणी: जाऊ दे की! सत्तावन्नची झालीस.

ताई: भाचा बत्तीसचा आहे. वरचा सूर आला की माउथपीस पुसत बसतो.

डॉक्टर: हं. असं करू. काढायच्या आधी दातांचा साचा घेते, कोनही मोजते. दोन दिवसांत तसाच दात बनवून येईल, तो शेजारच्या दातांना चिकटवू. पण आठवडाभर फुंकायचं नाही, जखम उघडेल. नंतरही जोर लागला तर निखळू शकतो. खात्री देत नाही मी.

ताई: खात्री कोण मागतंय? कोन तेवढा नीट मोजा.

डॉक्टर: माझी काळजी वेगळीच आहे. आमचा लॅबवाला वाकडा दात बघितला की न विचारता सरळ करतो. आपल्या परीने उपकारच करतो बिचारा.

चिमणी: पत्ता द्या त्याचा. मी जाऊन बसते त्याच्या समोर.

ताई: तू?

चिमणी: मग? तोंडात कापसाचा बोळा घेऊन तू सांगणार आहेस त्याला?

(साचा घेऊन होतो. डॉक्टर इंजेक्शन देते.)

ताई: हे बधिरपण कधी उतरेल?

डॉक्टर: तीन-चार तासांत. का?

ताई: सहाला तालीम आहे.

डॉक्टर: मावशी! आत्ता काय सांगितलं मी?

ताई: वाजवणार नाही हो. नुसती जाऊन बसेन. जागा रिकामी दिसली की भाचा सरकून बसतो.