तातडीचा रकाना

ऑपरेशन थिएटरबाहेर जखमी जवानाच्या तुकडीतला वायरलेसवाला लष्करी नेटवर्कच्या इंजिनिअरवर भडकला होता. जवानाची आई समोरच्या बाकावर बसून ऐकत होती.

“हेलिकॉप्टर मागितलं, तर तुमच्या यंत्राने निरोप चाळीस मिनिटं दाबून ठेवला!”

“तातडीचा रकाना कोरा होता, दादा. कोरा असला की यंत्र निरोप साधा समजतं.”

“एका हाताने त्याची जखम दाबून धरली होती. रकाने काय दातांनी भरू? पूर्वी पलीकडे माणूस असायचा, नुसत्या आवाजावरून तातडी ओळखायचा!”

“माणसं चुकतात, म्हणून तर यंत्र बसवलं.”

“मग तेवढ्या वेळात पुढे काय सोडलं यंत्राने?”

“मोठ्या साहेबांचं भाषण. त्यांचे सगळे रकाने भरलेले होते.”

“भाषण कशावर होतं हो?” आईने विचारलं. “आत पाय कापतायत त्याचा. शुद्धीवर आला की विचारेल.”