नीट आठव

लेकराच्या साक्षीचं काय खरं, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका. माझी पोरगी सहा वर्षांची. कनेरगाव नाक्यावर आमच्या शेजारच्या रहीमचाचांना जीपनं उडवलं, पाय मोडला, तवा ती समोरच उभी होती. पोलीस ठाण्यात जमादारानं तिला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"बंटीदादा." बंटी म्हणजे जीपमालकाचा पोरगा.

"नक्की? नीट आठव. ड्रायव्हर नव्हता?"

"बंटीदादाच होता."

"खरं बोल बरं. ड्रायव्हरच होता ना?"

पोरगी हळूच म्हणली, "व्हय, ड्रायव्हर."

"बघा बाई, लेकरांचं असंच असतं," जमादार म्हणले.

मी पोरीला विचारलं, "काहून बदललं गं?"

"शाळेत मॅडम परत विचारतात तवा आपलं उत्तर चुकलेलं असतं."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "साहेब, सकाळी भाजी कोणती खाल्ली?"

"वांग्याची."

"नक्की? नीट आठवा."

"वांग्याचीच, बाई."

"खरं बोला. मेथीची होती ना?"

"मेथी? थांबा, मेथी काल होती का आज..."

"तुमाला सकाळची भाजी धड सांगता येईना, अन् माझं लेकरू खोटं? तिचं पहिलं उत्तर लिहा. तवर मी इथून हलत न्हाई."

पोरीला म्हणलं, "हे काही तुझ्या मॅडम न्हाईत. जे पाहिलं तेच सांग."

"बंटीदादा."

जमादारानं पेन उचललं, पण सवय जाते कुठं. "नक्की ना?"

पोरगी म्हणली, "तुमी भाजीचं आठवा."