वाकून यायचं दार

— नाही नाही, बूट इथंच काढा, मोजे राहू द्या. आणि बसा निवांत. आतून बोलावणं आलं की मगच उठायचं, तोवर या बाकावर गप्प बसून मनातली धूळ खाली बसू द्यायची — असं माझी सून म्हणते, मी नाही. मी चौथी पास, तेही मास्तर कंटाळले म्हणून. माझ्या मनात कसली धूळ, तिथं मलकपेठचे रेसचे घोडे धावतात! आणि हो, आत गेलात की चहाची वाटी तीनदा डोक्याभोवती ओवाळायची — अहो, मान काय हलवता, थट्टा केली! परवा दोन कॉम्प्युटरवाली पोरं आली होती, त्यांनी खरंच ओवाळली. सून आत मख्ख बसून राहिली, हसली नाही काही नाही, पण जेवताना माझ्या वरणावर तूप पडलं नाही. कळतं तिला सगळं.

काय म्हणालात? खिडकी? नक्को हो, खिडकी नाही ती. दार आहे. तेवढंच. गुडघे टेकायचे, डोकं खाली घालायचं आणि रांगत आत जायचं. जपानात मोठमोठे सरदारसुद्धा तलवार बाहेर ठेवून असेच रांगत जायचे म्हणे, आत कुणी थोर नाही, कुणी धाकटा नाही. हे सुनेनं मला पहिल्यांदा सांगितलं ना, तेव्हा मी ताडकन उठून उभा राहिलो. म्हटलं, प्रियदर्शिनी, पोरी, उघड तू तुझं जपानी चहाचं दुकान! नोकरी सोड, मागचं अंगण घे, पेरूचं झाड तोडायचं तर तोड. संदेश, माझा मुलगा, बघतच राहिला. म्हणाला, बाबा, तो हिरवा चहा तुमच्या घशाखाली उतरत नाही, गवत घुसळल्यासारखा लागतो म्हणता, मग एवढी खुशी कायकू? मी म्हटलं, तुझ्या बापाचं नारायणगुड्यात चहाचं हॉटेल होतं, आता सून चहाचं दुकान टाकतेय, घरचा धंदा आहे बाबा! वर डोळेपण पुसले. खोटंच. साफ खोटं! मला त्या दारातून एक माणूस रांगताना बघायचा आहे. एकच. आणि तो आज येतोय — तुमच्याच बरोबर, आजचा पहिला पाहुणा तो, दुसरे तुम्ही. नशीबवान आहात, तिकीट न काढता तमाशा.

कोण म्हणजे? माझा व्याही, केशवराव. सुनेचा बाप. पुण्याचा, मोठा इंजिनियर, मान अशी ताठ की शर्टाला कॉलरची गरज नाही. लग्न ठरवायला आला होता इथं नल्लकुंट्यात, याच घरात. सुशीलानं — माझी बायको, आता नाही ती — सकाळपासून दूध आटवून चहा केला. आमचा चहा म्हणजे, तुम्हाला सांगतो, त्या काळी विद्यानगरहून माणसं चालत यायची. यानं कप हातात घेतला नाही. ‘आम्ही बाहेरचा चहा घेत नाही.’ बाहेरचा! आमच्या स्वयंपाकघरातला! कपावर साय धरली, माशी बसली, तरी हा आपला भिंतीकडे बघत. सुशीलानं तो कप पदराआड धरून आत नेला, ते मी बघितलं. बरं, तेही गिळलं. लग्नाच्या मांडवात हा पुण्याच्या शंभर माणसांसमोर मला खांद्याला धरून पुढं करतो आणि म्हणतो, ‘हे आमचे व्याही — चहा फार छान करतात.’ सगळे हसले. मीपण हसलो. हसतच राहिलो की, अजून हसतोय.

मग देवानं ऐकलं. ही पोरगी कंपनीच्या कामाला जपानला गेली आणि परत आली ती चहा शिकून! चहावाल्याच्या घरात मुलगी देताना नाक मुरडणाऱ्याची एकुलती एक मुलगी, जमिनीवर बसून लोकांना चहा देणार! मी तर त्या दिवशी पेढे वाटले, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही. केशवरावानं फोन केला, ‘एवढं शिकवलं ते लोकांपुढं वाट्या धरायला?’ — आणि तेव्हापासून बोलणं बंद. वर्ष होत आलं. ती रडायची. रडायची हो, खोटं कशाला बोलू, मोरीत नळ सोडून रडायची. आता महिनाभर मनधरणी करून बोलावलंय त्याला. सकाळपासून पोटात अन्न नाही तिच्या. आज अप्पा आत येऊन बसले तर बसले, नाहीतर माहेर तुटलं, असं म्हणाली.

आता गंमत ऐका, जवळ या. जपानात उभ्या माणसाचं दारसुद्धा ठेवतात, वयस्कर आणि मानकरी लोकांसाठी. तिनं ठेवलं होतं, अप्पांसाठी म्हणून. ती दिवसभर बाहेर, संदेश ऑफिसला — मी यादगिरी मिस्त्रीला म्हटलं, घाल विटा. घातल्या! सुनेला सांगितलं, वास्तूत बसत नव्हतं ते दार, घराला वाईट. ‘बरं, बाबा’ म्हणाली बिचारी. मोठ्या माणसाला काय बोलणार? हॅ हॅ! आता रांगल्याशिवाय आत जायची सोयच नाही!

थांबा — गाडी. आला. हलू नका. मोबाईल काढा, काढा लवकर, मागून घ्या फोटो, पाठमोरा पाहिजे मला, चांगला मोठा करून दिवाणखान्यात लावणार आहे, सुशीलाच्या फोटोसमोर — या, या केशवराव! या! दार तेच, हौ, तेवढंच आहे... काठी? काठी कधीपासून लागली याला? बघा, बघा आता, आता उखडेल, दुसरं दार कुठाय विचारेल, आणि मी सांगणार — थांबा. काठी भिंतीला लावली. चष्मा काढून खिशात. अहो, हा तर बसला खाली. गुडघा टेकताना कसा कण्हला, ऐकलंत? आतून तिनं हात दिला... गेला. डोकं घालून गेला आत.

एवढंच?

नको, ठेवा तो मोबाईल. ठेवा म्हणतो ना.

दोघं रडतायत आत. वाटी मागतोय बघा तिच्याकडे, ‘दे, पोरी, तुझ्या हातचा चहा दे.’ वाकला आणि जिंकूनपण गेला की हा! मी इथं कशाला बसलोय मग?... काय? कोण हाक मारतंय? सून. रोजच मारते. हे दार झाल्यापासून म्हणते, बाबा, एकदा तरी आत या. मी कंबरेचं निमित्त सांगतो. कंबर ठणठणीत आहे माझी, पण या वयात मी सुनेच्या दारात रांगू? एकनाथराव रांगणार?... आणि आता हा कोण ओरडला? ‘एकनाथराव, आत या, तुमच्याशिवाय घोट घेणार नाही.’ ऐकलंत? माझ्या घरात मलाच बोलावतोय! आत बसून!

जा तुम्ही. जा हो, तुमचीपण पाळी आली. सांगा आत, म्हातारा नाही बाकावर, कुठंतरी गेलाय. आणि असं बघू नका माझ्याकडे. निघा.