मेंबरसाहेबांची चूळ

आमच्या वॉर्डाचा मेंबर कसा होता म्हणून काय विचारता गा. नळाले गटाराचं पाणी येऊन राहिलं होतं, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो, तर म्हणे, "पाणी चांगलं आहे, मी स्वतः पाहिलं."

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शेवंताबाईची सून हैज्यानं गेली. मेंबर मयतीले हजर, खांदाही दिला. घाटावरून परतल्यावर दारात साऱ्यांनी रीतीप्रमाणे कडुलिंबाचा पाला चावला. शेवंताबाईनं चूळ भरायले त्याच्यापुढं लोटा धरला.

तो हळूच म्हणाला, "बाई, पाणी कुठलं?"

"नळाचंच जी. तुम्ही पाहिलेलं."

त्यानं लोटा घेतलाच नाही. कडू तोंडानंच जीपमध्ये बसला. आम्ही मात्र त्याच पाण्यानं चुळा भरल्या. दुसरं होतं कुठं?